महासागराएवढं विद्यापीठ कसं चालवावं

बारा सदस्य, एक महासागर आणि सगळ्यांना मिळून एकच विद्यापीठ, अशी जबाबदारी अंगावर घ्यायची ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी या सूचना आहेत. हौस नसली तरी वाचून ठेवाव्यात. समितीवर नेमणूक करताना हौस कोणी विचारत नाही.

आधी नकाशा पाहावा. भिंतीवरचा नेहमीचा नकाशा इथे कामाचा नाही. त्यात प्रशांत महासागर मधोमध फाडून दोन्ही कडांना अर्धा-अर्धा चिकटवलेला असतो. पृथ्वीचा गोल आणावा आणि समोर निळंच निळं दिसेपर्यंत फिरवावा. धूळ समजून जे ठिपके तुम्ही रुमालाने पुसायला जाल, ते तुमचे सदस्य: फिजी, सामोआ, टोंगा, वानुआतू, सॉलोमन बेटं, किरिबाटी, तुवालू, नाउरू, नीउए, कुक बेटं, मार्शल बेटं आणि तोकेलाऊ. यातलं तोकेलाऊ म्हणजे न्यूझीलंडच्या अखत्यारीतली तीन प्रवाळबेटं. तिथे विमानतळ नाही. सामोआच्या आपिया बंदरातून बोटीने एक दिवस आणि वर काही तास लागतात. या यादीत पापुआ न्यू गिनी शोधू नये. त्यांचं वेगळं विद्यापीठ आहे, आणि पुढच्या सूचना वाचून त्यांना सुटल्यासारखं वाटलं तर नवल नाही.

या बारा जणांच्या मालकीची युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक १९६८ साली फिजीच्या राजधानीत, सुवा इथे सुरू झाली. जागा होती लाउथाला खाडीकाठचा न्यूझीलंड हवाई दलाचा जुना तळ, जिथे पाण्यावर उतरणारी विमानं येत. विद्यापीठाचं क्षेत्र सुमारे ३ कोटी ३० लाख चौरस किलोमीटर. भारत त्यात दहा वेळा मावतो. फरक इतकाच, की आपल्या विद्यापीठांच्या क्षेत्रात विद्यार्थी जमिनीवर राहतात, आणि इथे क्षेत्रच बहुतेक सगळं पाणी आहे.

आता वेळापत्रक. नवशिक्याने या कामाला रिकाम्या पोटी बसू नये. सुरुवात सोपी वाटते: सामोआत सोमवारी सकाळी दहा वाजले, की नीउएतही दहाच वाजतात. काटे अगदी त्याच जागी. फक्त नीउएत रविवार असतो आणि तुमचे विद्यार्थी चर्चमध्ये असतात. दोघांच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. पूर्वी सामोआही नीउएच्याच बाजूला होता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार करताना दर आठवड्याचे दोन दिवस फुकट जातात म्हणून २०११ साली त्याने बाजू बदलली. २९ डिसेंबरच्या गुरुवारी रात्री झोपलेले सामोअन थेट ३१ तारखेच्या शनिवारी उठले. त्या वर्षी सामोआत ३० डिसेंबर झालाच नाही. किरिबाटीने हाच उद्योग १९९५ मध्ये केला होता, कारण तोवर त्या एकाच देशात एकाच वेळी दोन वार चालत.

याचा हिशेब असा: आपियाचा सोमवार नीउएत रविवार, आणि नीउएचा शुक्रवार आपियात शनिवार. दोन्हीकडे कामाचे म्हणता येतील असे दिवस आठवड्यात चारच उरतात. त्यात सॉलोमन बेटांच्या होनिआरात मंगळवारी सकाळी नऊ वाजतात तेव्हा कुक बेटांच्या रारोटोंगात सोमवारचे दुपारचे बारा वाजलेले असतात. म्हणजे दोघांच्याही कचेरीच्या वेळेत बसणारे तास पाच. त्यात जेवणाची सुट्टी.

परीक्षेसाठी मात्र 'सर्व केंद्रांवर सकाळी दहा वाजता' असं परिपत्रक चुकूनही काढू नये. तसं केलं तर आपियात मंगळवारी वाटलेला पेपर नीउएच्या मुलांना सोडवायला पूर्ण चोवीस तास उशिरा मिळेल, आणि तेवढ्या वेळात पेपर कुठून कुठे जातो हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. परीक्षा एकाच क्षणी घ्यावी; मग कुठे ती सकाळची ठरेल, कुठे दुपारची, कुठे उद्याची, कुठे कालची.

वेळ जुळली की माध्यम शोधावं. ते सहसा उसनं मिळतं. नासाने डिसेंबर १९६६ मध्ये एटीएस-१ नावाचा प्रायोगिक उपग्रह सोडला होता. त्याच्यावरचे नासाचे प्रयोग आटोपले, पण उपग्रह प्रशांत महासागरावर ठणठणीत उभा होता. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये तो वापरून पीससॅट नावाचा प्रकल्प उभारला आणि बेटाबेटांवरच्या शाळा, दवाखाने, विद्यापीठं एकमेकांशी बोलू लागली. सुवाच्या विद्यापीठानेही त्याच उपग्रहावर आपल्या बेटोबेटीच्या केंद्रांचे वर्ग भरवले.

त्या काळचा वर्ग घ्यायचा तर साहित्य थोडं लागतं. एक रेडिओसंच, छपरावर एक अँटेना, आणि टेबलावर बटण असलेला मायक्रोफोन. बटण दाबलं की तुम्ही बोलता आणि बाकी सगळी बेटं ऐकतात. सोडलं की दुसरं कोणीतरी. दोघांनी एकदम दाबलं तर कोणालाच काही कळत नाही. म्हणून शिक्षकाने आधी बेटांची हजेरी घ्यायची, मग प्रश्न विचारायचा, कोणत्या बेटाने उत्तर द्यायचं त्याचं नाव घ्यायचं, शेवटी 'ओव्हर' म्हणायचं आणि खरखर ऐकत बसायचं. आवाज छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन खाली यायचा. एका फेरीला पाव सेकंद, म्हणजे उत्तर यायला विद्यार्थ्याच्या विचाराचा वेळ सोडून अर्धा. शिक्षकाने विनोद केला तर हशाही अर्धा सेकंद उशिरा यायचा, आणि त्या अर्ध्या सेकंदात चांगल्या चांगल्या प्राध्यापकांचा आत्मविश्वास जातो. तेव्हा विनोद करू नयेत. पण एक मात्र खरं: या वर्गात प्रत्येकाला बोलण्यासाठी पाळी होती आणि दुसऱ्याची पाळी असताना ऐकावंच लागे. कॅमेरा बंद करून कुठेतरी निघून जायची सोय नंतर आली.

हवाई विद्यापीठाचीच दुसरी एक पद्धत नवशिक्यांनी माहीत करून घ्यावी. आपल्याच विद्यापीठाच्या वेगवेगळ्या बेटांवरच्या शाखा ओआहू बेटावरच्या संगणकाला जोडायच्या होत्या. तारेऐवजी रेडिओ वापरायचं ठरलं. नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं, ते असं: ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. दोघांची टक्कर झाली तर दोघांनी गप्प व्हावं, प्रत्येकाने आपल्या लहरीप्रमाणे थोडं थांबावं, आणि पुन्हा बोलावं. (आपल्याकडच्या बैठकांत यातला पहिला नियम काटेकोर पाळला जातो.) याच कल्पनेवरून पुढे इथरनेट निघालं आणि जगभरच्या कचेऱ्यांत पोचलं. बेटांच्या अडचणीतून काढलेली युक्ती सगळ्यांना मिळाली. बेटांना स्वतःचा इंटरनेट मिळायला मात्र फार वाट पाहावी लागली. १९८९ मध्ये हवाईच्याच पॅकॉम प्रकल्पातून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपानची विद्यापीठं जोडली गेली, म्हणजे महासागराचे काठ. मधल्यांनी काठावरच्यांकडे बघत बसायचं.

उसन्या उपग्रहाबद्दल एक इशारा. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे मान्य, पण ती किती वर्षं दूध देणार ते विचारून ठेवावं. १९८५ मध्ये एटीएस-१ आपल्या जागेवरून सरकू लागला आणि वर्ग बंद पडले. पीससॅटला पुढे मिळाला तोही गोज-३ नावाचा, सेवा संपलेला हवामान उपग्रह. आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. नासाने १९७५-७६ मध्ये एटीएस-६ भारताला वर्षभर दिला होता, 'साइट' प्रयोगासाठी. सहा राज्यांतल्या खेड्यांत त्याच्यावरून दूरदर्शनचे कार्यक्रम पोचले आणि वर्ष संपताच उपग्रह परत गेला. भारताने मग इन्सॅट मालिका उभी केली. तुवालूने काय करावं? तिथे मुळात माणसंच दहा हजारांच्या आसपास.

म्हणून पुढची पायरी देणगीदार. २००० साली जपान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या सरकारांच्या पैशातून विद्यापीठाचं स्वतःचं उपग्रहजाळं उभं राहिलं, यूएसपीनेट. प्रत्येक सदस्य देशातल्या केंद्रावर तबकडी आली, चित्र आलं, आवाज स्वच्छ झाला. हे काम मोठं आहे आणि त्याची थट्टा करायची नाही. पण नवशिक्याने हे लक्षात ठेवावं की यंत्राला देणगी मिळते आणि उद्घाटनाला मंत्री मिळतो. पाच वर्षांनी तबकडीच्या बोल्टला खाऱ्या हवेने गंज चढतो, तेव्हा तो घासायला लागणाऱ्या माणसाच्या पगारासाठी कोणी फीत कापत नाही.

मग समुद्राखालच्या तारा. त्याच २००० साली सदर्न क्रॉस केबल सुवाला टेकली आणि फिजी एका रात्रीत शेजाऱ्यांच्या कितीतरी पुढे गेलं. टोंगाला केबल मिळाली २०१३ मध्ये, नीउए आणि कुक बेटांना २०२० मध्ये. यात एक बारीक गोष्ट आहे: बहुतेकांना मिळते ती एकच तार. १५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखी फुटला आणि टोंगाची तार तुटली. दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्झ्बीत होतं, चार हजार किलोमीटरहून लांब. टोंगाचा जगाशी असलेला केबलसंपर्क पाच आठवड्यांनी परत आला, आणि देशांतर्गत केबलला तर वर्षाहून जास्त लागलं. 'आमच्या केंद्राचा नेट गेला' हे कारण ऐकून भुवया उंचावण्याआधी ज्वालामुखी कुठे आहे ते पाहून घ्यावं.

कुलगुरूंबद्दलही थोडं सांगायला हवं. दूरशिक्षणाचं विद्यापीठ असलं तरी कुलगुरू मुख्यालयात बसतात असं नवशिक्या धरून चालतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये फिजी सरकारने कुलगुरू पाल अहलुवालिया यांना देशाबाहेर काढलं. विद्यापीठाच्या परिषदेने त्यांना पदावर ठेवलं, आणि त्यांनी आधी नाउरूहून व नंतर सामोआहून कारभार पाहिला. विद्यापीठ एका देशाच्या मालकीचं असतं तर गोष्ट त्या रात्रीच संपली असती. बारा मालक असण्याचा ताप वर्षभर असतो, फायदा असा एखाद्याच दिवशी होतो.

राहिला विद्यार्थी. तो बहुधा नोकरी करतो. दूरच्या बेटावर शाळामास्तर असतो किंवा सरकारी कचेरीत कारकून. उपग्रह येवोत, जावोत, त्याच्याकडे बोटीने आलेलं छापील पुस्तक असतं, आणि एके काळी सोबत कॅसेट असायची. ते पुस्तक पोचलं की नाही, पावसात भिजलं का, दुसऱ्याच विषयाचं आलं का, याची चौकशी करायला तो केंद्रावर जातो. तिथे खिडकीपाशी बसलेल्या बाई त्याला नावाने ओळखतात, आणि तो सत्राच्या मध्यावर दिसेनासा झाला तर घरी निरोपही धाडतात. गेल्या पन्नास वर्षांत उपग्रह बदलले, देणगीदार बदलले, तारा तुटल्या आणि जोडल्या गेल्या. केंद्रं तेवढी टिकली.

तेव्हा अंदाजपत्रक करताना पहिल्या ओळीत त्या बाईंचा पगार लिहा, दुसऱ्या ओळीत जनरेटरचं डिझेल, तिसऱ्या ओळीत बोटीचं भाडं. उरलेल्या पैशात कॅमेरा घ्या.