जे1 झालं का?

फेसबुकने 2014 साली व्हॉट्सअ‍ॅप विकत घेताना 19 अब्ज डॉलरचा आकडा जाहीर केला, तेव्हा भल्याभल्यांनी कपाळाला हात लावला. निरोप पोचवणाऱ्या अ‍ॅपमध्ये एवढं आहे तरी काय? त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून हा प्रश्न पडला. रोज दुपारी आणि रात्री, ताटं वाढायच्या सुमारास, महाराष्ट्रातला तमाम होतकरू तरुणवर्ग याच यंत्रणेवरून एकच चौकशी करत असतो : 'जे1 झालं का?'

मराठी माणूस प्रेम व्यक्त करत नाही, चौकशी करतो. जेवणाची, घरी पोचल्याची, तुमच्याकडे पाऊस आहे का याची. फारच धीट असला तर सर्दीची. यातलं एकही वाक्य उद्या तिच्या भावाच्या हाती लागलं तरी पुरावा म्हणून टिकणार नाही. 'काळजीपोटी विचारलं हो दादा' म्हणायला वाव असतो. उत्तरही तसंच सावध येतं. 'हो. तुझं?' त्या 'तुझं?'वर पोरगं आठवडा काढतं. नुसतं 'हो' आलं, तर कट्ट्यावर शोकसभा भरते. आणि 'हम्म' आलं, तर त्याचा अर्थ लावणारा भाष्यकार अजून जन्माला यायचाय.

एसएमएसच्या काळात हा शौक महागाचा होता. सणासुदीच्या 'ब्लॅकआउट डे'ला पॅक चालायचं नाही; दिवाळीच्या शुभेच्छांत गुंडाळलेला जिव्हाळा रोखीने पाठवावा लागे. त्यात 2011 साली, फोनवरून माल खपवणाऱ्यांना आवरायचं म्हणून दूरसंचार नियामक 'ट्राय'ने एका सिमवरून दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा घातली. पुढे ती 200 वर नेली, पण तोवर प्रेमिकांना शिस्त लागली होती. गुड मॉर्निंग, रुसवा, समजूत, पुन्हा रुसवा आणि शेवटी जीएन-एसडी-टीसी, सगळं शंभरात बसवायचं. रुसवा लांबला, की कोटा संपून रात्री बारापर्यंत सक्तीचा अबोला. त्यामुळे भांडणंसुद्धा आटोपशीर होत.

मग नोव्हेंबर 2014 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आल्या आणि प्रेमात सरकारी कचेरी शिरली. अर्ज पोचला, साहेबांनी पाहिला, शेरा मात्र नाही. पूर्वी 'चिठ्ठी मिळालीच नाही' म्हणून पोस्टमनवर ढकलता यायचं. आता खापर फोडायला पोस्टमन उरला नाही. खुणा बंद करता येतात, पण मग समोरच्याच्याही दिसत नाहीत. एवढा त्याग कोण करणार? त्यापेक्षा मेसेज न उघडता नोटिफिकेशनमधूनच वाचून टाकायचा, ही विद्या आता सहावीतल्या पोरांनाही येते. जाता जाता एक : चार दिवस खुणा निळ्या आहेत आणि उत्तर नाही, म्हणजे ती विचार करत नाहीये. तिने म्यूट केलंय. पाचवा 'हाय' पाठवू नये.

स्टेटसचं प्रकरण आणखी नाजूक. एकीसाठी गाणं ठेवायचं आणि 24 तास पाहणाऱ्यांची यादी चाळत बसायचं. यादीत सोसायटीचे सेक्रेटरी असतात, विम्याचे एजंट असतात, सगळ्यात वर मामा असतात. जिच्यासाठी ठेवलं ती नसते. मामांचा मात्र लगेच मेसेज येतो, 'काय रे, तब्येत बरी आहे ना?'

तोंडून गेलेलं परत घेण्याची सोयही कंपनीने केली आहे. 2017 पासून मेसेज सगळ्यांच्याच फोनवरून पुसता येतो. पुसल्याची पाटी तेवढी मागे राहते, आणि ती मेसेजपेक्षा जास्त बोलते. 2023 पासून पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्तीही करता येते. 'तू मला आवडतेस'चं 'तुला मिसळ आवडते का?' करायला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. भित्र्या मंडळींनी त्याचं चीज केलं आहे.

राहता राहिले कवी. चार ओळी येतात, खाली वपुंचं नाव (वपुंनी जे लिहिलं नाही त्याचंही श्रेय त्यांना मिळतं) आणि त्याखाली बदाम. मजकूर, 'खास तुझ्यासाठी'. डोक्यावर मात्र दोन बाणांची खूण : हा मेसेज किमान पाच हातांतून फिरून आला आहे. खास, पण सेकंडहँड. असा फिरून फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असा नियम कंपनीने एप्रिल 2020 मध्ये केला. अफवा थोपवायला केला म्हणतात. काही तरुणांच्या आयुष्यात एकनिष्ठा आली ती तेवढीच.