ओट्यापेक्षा उंच

रविवारी सकाळी भाऊंनी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेप लावला, तेव्हा वहिनींना वाटलं, शेवटी ग्रॅनाइट बदलायचा योग आला. ओटा भरला ८३ सेंटिमीटर. भाऊंचा चेहरा उतरला. मनात भरलेल्या केएक्स २५० या मोटोक्रॉस बाईकची सीट ९५ सेंटिमीटरवर होती.

पुण्यात असे भाऊ बरेच सापडतील. विशीत आरएक्स १००चं मडगार्ड काढून मातीच्या ट्रॅकवर उडायचं. मग लग्न, बढती, फ्लॅटचे हप्ते, कमरेचा पट्टा. आरएक्स १९९६ साली बंद झाली, भाऊ त्यानंतर वर्षभरात. आता मुलगा बेंगळुरूला गेलाय आणि भाऊंना झोपेत टूटी ऑइलचा वास येतो.

आधी त्यांना साडेचारशेच हवी होती. "आपल्या वजनाला अडीचशे ओढणार नाही." डॉक्टरांपुढे ७८ असलेलं वजन बाईकच्या चर्चेत ८८ होतं. आरएक्सचे घोडे होते ११, अडीचशेलाच ४०च्या आसपास असतात, हे मी सांगून पाहिलं. भाऊ गप्प झाले. पण अडीचशेवर उतरले ते माझ्या समजावण्याने नाही, जिन्यावर गुडघा कटकन वाजला म्हणून.

बाकी अभ्यास दांडगा. सी. एस. संतोष २०१५ला डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, हे भाऊ अशा सुरात सांगतात, की मान त्यांचाच होता, सोसायटीची मीटिंग आडवी आली.

वहिनींना मात्र सगळं पहिल्यापासून समजावावं लागलं. हिला हेडलाइट नाही, नंबर प्लेट नाही, रस्त्यावर काढायची सोय नाही. ट्रॅकवर न्यायची ती टेम्पोत घालून.

"म्हणजे आपण हिला फिरवायचं," वहिनी म्हणाल्या.

पिस्टन किलोमीटरवर नाही, इंजिन किती तास चाललं त्यावर बदलतात.

"रिक्षाच्या वेटिंगसारखं?"

साइड स्टँडसुद्धा नसतो. उभी करायची तर खाली तिकाटणं लावा, नाहीतर भिंतीला टेकवा. यावर वहिनींनी आधी भाऊंकडे पाहिलं, मग भाऊ ज्या फ्रिजला टेकून उभे होते त्या फ्रिजकडे. बोलल्या काहीच नाहीत.

मी मध्येच एक्सपल्स २००चं नाव काढलं. पुढचं चाक २१ इंची, मातीत चालते, सोमवारी ऑफिसलाही नेता येते, सीट जेमतेम ८२ सेंटिमीटर. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना बिनसाखरेचं श्रीखंड वाढलं होतं. "ती दूध आणायला," ते म्हणाले. नव्या गाड्यांना किकसुद्धा नसते, नुसतं बटण, याचंही दुःख त्यांनी तेव्हाच उगाळून घेतलं. खरं तर त्या बटणाने त्यांचा गुडघाच वाचणार आहे. पण हे त्यांना कोण सांगणार?

संध्याकाळी चहाला गेलो. दार वहिनींनी उघडलं. आत भाऊंचा उजवा पाय ओट्यावर आडवा, डावा चवड्यावर, एक हात कुकरच्या दांड्याला, दुसऱ्याने लाटणं धरून मनगट पिळणं चाललेलं.

"टाच टेकत नाहीये रे," मला बघून म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या गुडघ्याखालून हात घालून चहाचं आधण खाली उतरवलं. "सावकाश रेस करा," म्हणाल्या, "बाजूला गॅस चालू आहे."