मागच्या रांगेतला अप्पा

प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक अप्पा असतो. वय चाळिशीच्या आसपास, पोटऱ्या टणक, दाढी कायम तीन दिवसांची आणि पाठीवर साठ लिटरची सॅक. सॅकेला बाहेरून मॅट, चपला, स्टीलचा मग आणि जन्मात न वापरलेला एक कॅराबिनर लटकत असतो. त्यामुळे आधी मग ऐकू येतो आणि मग अप्पा दिसतो.

अप्पाचा सिद्धांत एकच. हाल झाले नाहीत तर प्रवास झालाच नाही. पोखऱ्याला जायचं ठरलं तेव्हा ग्रुपमधला एक नवखा चाचरत म्हणाला, "अप्पा, काठमांडूहून विमानाने पंचवीस मिनिटंच लागतात." एकादशीला कुणी ऑम्लेट मागवावं तसं अप्पाने त्याच्याकडे पाहिलं. "आणि घरी येऊन सांगणार काय? बसलो नि उतरलो?"

म्हणून पुणे ते गोरखपूर रेल्वे, तिथून सुनौली सीमेपर्यंत रोडवेजची बस आणि पुढे नेपाळी बस. गोरखपूरचा प्लॅटफॉर्म १,३६६ मीटर लांब आहे. एके काळी तो जगात पहिला होता, आता हुबळीने तो मान घेतला. अप्पाने तो सॅकसकट या टोकापासून त्या टोकापर्यंत तुडवला. स्टेशनाबाहेर जायची वाट मधेच होती, पण ते विचारायला कुणाची हिंमत नव्हती.

सीमा ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. अप्पाचा चेहरा उजळला. "बघा, बसमध्ये पाय ठेवायच्या आधीच पाव तास गेला!" शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी होतात, हा हिशेब त्याला पाठ होता. फक्त भागायचं की गुणायचं हे ऐन वेळी विसरायचा, त्यामुळे चहा कधी फुकट वाटायचा तर कधी दरोडा.

स्टँडवर दोन बसगाड्या उभ्या होत्या. एक एसीची, मागे झुकणाऱ्या खुर्च्यांची. दुसरीच्या टपावर कोंबड्यांच्या टोपल्या चढत होत्या. दुसरीचा खलासीच आम्हाला पहिलीकडे बोट दाखवत होता; बिचाऱ्याला अप्पा माहीत नव्हता. अप्पाने दुसरीतली सगळ्यात मागची रांग पकडली, तीही चाकाच्या मागची. "मागे बसल्याशिवाय रस्ता कळत नाही," तो म्हणाला. बुटवल येईपर्यंत रस्ता आमच्या माकडहाडाला पुरता कळला होता.

बुटवलच्या पुढे सिद्धार्थ राजमार्ग तिनाऊ नदीच्या खोऱ्यात शिरतो आणि वळणं सुरू होतात. सीमेपासून पोखरा जेमतेम १८० किलोमीटर, पण दिवस त्यातच मावळतो. या पट्ट्यात दरडी नेहमीच्या. सिद्धबाबाच्या मंदिराजवळ गाड्यांची रांग लागली, तेव्हा सगळे प्रवासी कपाळाला हात लावून बसले आणि अप्पा टुणकन खाली उतरला. डोजरवाल्याला तो मराठी वळणाच्या हिंदीत मार्गदर्शन करताना दिसला. अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला. "इतक्यात?" परत येताना तो खट्टू होऊन म्हणाला.

अप्पाला एक वाईट खोड आहे. समोर कुठलाही घाट आला तरी तो सह्याद्रीशी ताडून पाहतो. "हे काय वळण? वरंध्यात चला पावसाळ्यात!" शेजारच्या पोराने उलटीसाठी वाटलेली प्लॅस्टिकची पिशवी तोंडाशी धरली होती, त्यालाही अप्पाने वरंध्याचं सांत्वन दिलं. बरं, रस्त्याला नावं ठेवायचीही सोय नव्हती. हा राजमार्ग भारताच्या मदतीने बांधलेला, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याकडे अप्पा घरमालकाच्या जिव्हाळ्याने पाहत होता.

तानसेनच्या फाट्यावर बस भरली. नेपाळी बसमध्ये जागा संपणं ही कल्पनाच नाही. खलासी वेताचे मुढे काढतो आणि मधल्या वाटेत मांडतो. मुढेही संपले, तेव्हा एक आजी अप्पाच्या सॅकवर बसल्या. सॅक त्याने टपावर टाकू दिली नव्हती, ट्रेकरची सॅक नजरेआड होत नाही म्हणे. आजींनी आधी कॅराबिनर बाजूला सारला, मग मगात पान-तंबाखूची पुडी ठेवली आणि रामदीला काली गंडकीचा पूल येईपर्यंत सुखाने डुलक्या काढल्या. सबंध बसमध्ये चांगली जागा त्यांनाच मिळाली होती. आत अप्पाचे दोन डझन खजुराचे लाडू होते. त्यांचं पुढे काय झालं ते लिहीत नाही.

जेवायला बस थांबली तेव्हा अप्पाने दाल-भात-तरकारी तीनदा वाढून घेतली. वाढप थांबत नाही, ही त्या ताटाची ख्याती आहेच. "खाऊन घ्या, पुढे काय होईल सांगता येत नाही." पुढे काहीच झालं नाही. वालिंग गेलं, स्याङ्जा गेलं, ना टायर फुटला, ना इंजिन तापलं. सूर्य मावळता मावळता बस गुमान पोखऱ्यात शिरली. नऊ तास. अप्पा उतरला तो पडलेल्या चेहऱ्याने.

दुसऱ्या दिवशी पहाटे फेवा तलावाकाठी आम्ही सगळे रांगेने उभे होतो. ढग हटले होते आणि ६,९९३ मीटरचा माछापुच्छ्रे, माशाच्या शेपटीसारख्या जोडशिखरासकट, पाण्यात उलटा उतरला होता. या शिखरावर चढाईला परवानगी नाही. १९५७ साली एक ब्रिटिश मोहीम माथ्याच्या थोडं खालून परतली, त्यानंतर तो बंदच आहे. हे सगळं अप्पाच आम्हाला सांगत आला होता. पण तलावाकडे पाठ करून तो आता चहाच्या टपरीवर बसला होता. समोर नाशिकचं एक जोडपं होतं, आदल्या दिवशी विमानाने आलेलं.

"चौदा तास!" अप्पा सांगत होता. "दरड कोसळली. आम्ही स्वतः दगड हटवले. टपावर बकऱ्या, मांडीवर पोरं."

"बाई गं! मग तुम्ही विमानाने का नाही आलात?" बाईंनी विचारलं.

अप्पाने त्यांच्याकडे करुणेने पाहिलं आणि आणखी एक चहा सांगितला.

पुण्यात पोचेपर्यंत ते चौदाचे अठरा झाले होते आणि कोंबड्या-बकऱ्यांमध्ये एक रेडकू आलं होतं. तेव्हा वाचकहो, सुनौलीहून पोखऱ्याला जाणार असाल तर सकाळची गाडी धरा, जवळ सुटे शंभर-शंभर रुपये आणि मतदार ओळखपत्र ठेवा, आणि पुढच्या रांगेतली जागा बिनदिक्कत घ्या. मागची रांग तुमच्या ग्रुपमधल्या अप्पासाठी सोडा. त्याला तीच हवी असते.