उभी गाडी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या बोलीत जे वाहन वर्षानुवर्षे जागचे हललेले नाही, ज्याच्या चारही चाकांतली हवा गेली आहे आणि ज्याच्या बॉनेटखाली मांजरीचे तिसरे वेत वाढते आहे, त्याला 'पडलेले' किंवा 'मेलेले' न म्हणता 'उभे' म्हणतात, आणि जुनी पिकअप दुरुस्त करण्याजोगी आहे की नाही या प्रश्नाचा कोणताही गंभीर विचार या एका शब्दापासूनच सुरू करावा लागतो. माणूस आजारी पडतो, बैल बसतो, भिंत खचते आणि सरकारही कोसळते, पण गाडी उभी राहते. म्हणजे केव्हाही निघू शकणाऱ्या वस्तूंत तिची गणना भाषेनेच करून ठेवलेली असते आणि तिला भंगारात घालू पाहणाऱ्याला आधी मराठीशी भांडावे लागते. पाहुण्याने 'गाडी चालू आहे का?' असे विचारले तर उत्तर 'नाही' असे कधीच येत नाही. 'सध्या उभी आहे' असे येते, आणि त्यातल्या 'सध्या'ची मुदत अकरा वर्षांचीही असू शकते.

पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे माल भरायचा उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन. हौद्याची मागची बाजू बिजागरीवर खाली पडते, तिला फाळका म्हणतात, आणि मागच्या धुरीवरचा भार झेलण्यासाठी पोलादी पट्ट्या एकावर एक रचून जी कमान केलेली असते, तिला पाटे म्हणतात. टाटांच्या टेल्को कंपनीने 1986 मध्ये 407 हा छोटा ट्रक आणि 1988 मध्ये टाटामोबाइल ही पिकअप बाजारात आणली, महिंद्राच्या जीपच्या कुळातल्या गाड्या त्याच्या आधीपासून होत्याच, आणि 2005 मध्ये टाटांची एस आली तेव्हा तिच्या बारक्या अंगाकडे व तिच्यावर लादल्या जाणाऱ्या मालाकडे पाहून लोकांनी तिचे 'छोटा हत्ती' असे बारसे केले. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तर पियाजिओचा तीनचाकी आपे गाड्यांचा कारखानाच आहे, आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले त्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले. तेव्हा या मुलखाचे मोटारींशी असलेले नाते केवळ गिऱ्हाइकाचे आहे, असे म्हणता येत नाही. त्याच वालचंदनगरात पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या मोटारीची आवरणे घडवली जातात, आणि तेथून काही कोसांवर एक पिकअप दुसरा गिअर पडत नाही म्हणून उभी आहे; याला विरोधाभास म्हणावे की श्रमविभागणी, हे अर्थशास्त्रज्ञांनी ठरवावे.

प्रस्तुत विवेचन ज्या नमुन्यावर बेतले आहे ती हीच पिकअप होय. ती एका वस्तीवर, म्हणजे गावठाणाबाहेर शेतातच बांधलेल्या घराच्या अंगणात, नीरा डाव्या कालव्याच्या चारीपासून हाकेच्या अंतरावर, कडुलिंबाखाली उभी आहे. तिच्या कंपनीचे नाव येथे दिलेले नाही, कारण जाळीवरची अक्षरे केव्हाच गळून पडली आहेत आणि मालकांच्या मते त्या काळी सगळ्याच गाड्या चांगल्या होत्या. तिचा क्रमांक एमएच 12 ने सुरू होतो, म्हणजे बारामतीच्या परिवहन कार्यालयाला 42 हा स्वतःचा आकडा मिळण्यापूर्वीची ती नोंद आहे, आणि हा तपशील मालक अशा स्वरात सांगतात की ऐकणाऱ्याला एखादी जुनी सनद आठवावी. केबिनमध्ये एक गावरान कोंबडी अंड्यांवर बसलेली असते, हौद्यात ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी आहेत, आणि टपावर उन्हाळ्यात कुरडया वाळतात, त्यामुळे गाडी निरुपयोगी आहे हे विधान घरातल्या स्त्रियांसमोर सिद्ध करणे अवघड जाते. फाळक्यावर एके काळी लाल-पिवळ्या रंगांत 'नाद करायचा नाय' असे लिहिलेले होते. त्यातला शेवटचा शब्द गंजाने खाल्ला असून आता 'नाद करायचा' एवढेच शिल्लक आहे, म्हणजे जे वाक्य मागून येणाऱ्या गाड्यांना ताकीद म्हणून रंगवले गेले, ते आता मालकांना केलेला उपदेश म्हणून वाचता येते.

या गाडीने काय काय वाहिले हेही ध्यानात घ्यायला हवे, कारण तिचे मोल ठरवताना कुटुंबाच्या मनात लोखंड येतच नाही. तिने निमगाव केतकीची विड्याची पाने आणि डाळिंबांचे क्रेट नेले, पहाटेचे दुधाचे कॅन नेले, गुरुवारी बारामतीच्या बाजाराला शेळ्या नेल्या, भिगवणची मासळी बर्फासकट नेली, आणि आषाढात तुकोबांच्या पालखीबरोबर सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीपर्यंत दिंडीचा तंबू, पातेली आणि शिधा नेला. डाव्या दरवाजातला पोचा धाकट्या बहिणीच्या लग्नातला आहे, उजवा आरसा एका निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत गेला (तो कोणी फोडला यावर दोन भावकींचे अजून एकमत नाही), आणि हौद्याच्या कोपऱ्यातला न निघणारा पिवळा डाग भंडाऱ्याचा आहे. असा दस्तऐवज किलोवर घालायचा म्हणजे मन धजत नाही.

दुरुस्तीयोग्यतेची पहिली कसोटी इंजिन नसून चासी ही आहे. चासी म्हणजे गाडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत गेलेल्या दोन पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या यांचा सांगाडा. इंजिन बदलता येते, केबिन दुसऱ्या गाडीची बसवता येते, पण चासी खाल्ली गेली असेल तर वरचा सगळा खर्च पडक्या जोत्यावर माडी चढवण्यासारखा ठरतो. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात आणि येथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, त्यामुळे कोकणातल्यासारखी पत्र्याची चाळण येथे नुसत्या हवेने होत नाही. येथे गंज येतो तो सांडलेल्या युरियातून, शेणखतातून आणि मासळीच्या बर्फाच्या पाण्यातून, म्हणजे उत्पन्नाच्याच वाटेने. तो प्रथम केबिनच्या मॅटखाली, काचेच्या रबराखाली आणि पाटे ज्या कानांना टांगलेले असतात त्या कानांपाशी शोधावा. परीक्षेचे साधन हातोडी असून पद्धत बाजारात कलिंगड घेताना वापरतात तीच आहे: निरोगी लोखंड 'टण्ण' करते, कुजलेले 'भद' करते. ही परीक्षा चालू असताना मालकांना चहा सांगायच्या निमित्ताने घरात पाठवावे, कारण पहिल्याच ठोक्याला 'चांगल्या गाडीला मारताय कशाला?' असा आक्षेप येतो. प्रस्तुत नमुन्याच्या उजव्या तुळईने सर्वत्र 'टण्ण' असाच आवाज दिला. डाव्या तुळईने एका जागी आवाजच दिला नाही, कारण हातोडी आत गेली. उपस्थितांनी ती बाहेर काढली आणि 'वेल्डिंगने होऊन जाईल' हा ठराव एकमताने मंजूर केला.

इंजिनाची परीक्षा धुराने होते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा हेडमधून पाणी सिलिंडरात उतरते आहे. ऑइलचे झाकण उघडल्यावर तेथून भकाभक वाफारा आला तर मिस्त्री त्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात आणि मान हलवतात. ट्रॅक्टरची बॅटरी जोडून सेल मारला तेव्हा प्रस्तुत नमुन्याने तिन्ही रंग क्रमाने दाखवले, आणि चौथ्या खेपेला जे बाहेर आले त्यात पिसेही होती. तरीही मिस्त्रींचा निष्कर्ष पुढीलप्रमाणे होता: "मालक, इंजिनाला काय सुदीक झालेलं नाय. नुसतं बांधाय लागंल." इंजिन बांधणे म्हणजे ते पूर्ण खोलून, सिलिंडरला बोअर मारून, नवे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे घालून पुन्हा जुळवणे. मराठीत घर बांधतात, मुंडावळ्या बांधतात आणि लग्नगाठही बांधतात. या तिन्ही प्रसंगी जसा खर्च आधी कळत नाही, तसाच चौथ्या प्रसंगीही कळत नाही. मिस्त्री आकडा सांगतात तो 'वीस-पंचवीसात होईल' असा, हजार हा शब्द गाळून, आणि लगेच 'वरचं बघू' असे जोडतात, ज्यातल्या 'वरचं'मध्ये पंप-नोझल, क्लचप्लेट, टायर, वायरिंग, पत्राकाम आणि रंग यांचा समावेश होतो, म्हणजे गाडीतले खालचे असे फारसे काही उरत नाही.

सल्लागारांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वेल्डरला चासी सुधारण्याजोगी वाटते, रंगाऱ्याला पत्रा, आणि भंगारवाल्याला गाडीत काही राम उरलेला दिसत नाही. फक्त मुंबईला असणाऱ्या चुलत्यांना, ज्यांना एक रुपयाही घालायचा नाही, ती कोणत्याही परिस्थितीत विकू नये असे मनापासून वाटते.

कायद्याने मात्र मते राखून ठेवलेली नाहीत. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता-प्रमाणपत्र घ्यावे लागते, ज्याला सर्वत्र 'पासिंग' म्हणतात. महाराष्ट्रात 2010 पासून अशा आठ वर्षांवरील गाड्यांना पर्यावरण कर आहे. आणि 2021 च्या भंगार धोरणानुसार अधिकृत केंद्रात गाडी मोडीत काढली तर जे प्रमाणपत्र मिळते, त्यावर नव्या व्यावसायिक वाहनाच्या करात 15 टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. त्याच वर्षी जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' हा दर्जा देणारे नियमही आले आणि वस्तीवर थोडी आशा निर्माण झाली. परंतु त्यासाठी गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते, आणि ती पूर्ण होईपर्यंत थांबण्याची मालकांची तयारी असली तरी तो दर्जा दुचाकींना आणि खाजगी प्रवासी मोटारींनाच आहे, मालवाहू वाहनांना नाही. साहेबाला क्लबात पोचवणारी मोटार म्हातारी झाली की वारसा ठरते, आणि त्याच साहेबाच्या ताटातली ढोबळी मिरची वाहून आणणारी पिकअप म्हातारी झाली की भंगार ठरते. या नियमामागची दृष्टी फारशी शेतकरी दिसत नाही.

येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतात की दांडा म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय. आणि राजा प्रत्येकाला नाही म्हणत शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला रथ हे केवळ नाव आहे. तुळईचा तुकडा नवा, इंजिनाचे पोट नवे, केबिन दुसऱ्या गाडीची आणि हौदा नव्या पत्र्याचा झाल्यावर, दिंडीचा शिधा वाहणारी गाडी कोठे राहिली, हा प्रश्न वस्तीवरच्या थोरल्या आजींनी याच क्रमाने विचारला होता, फक्त पाली न येता. राजाला जे उत्तर कष्टाने सापडले, ते परिवहन खात्याने सोपे करून ठेवले आहे: चासीवर ठोकलेल्या आकड्यांवर कागद धरून वरून पेन्सिल फिरवावी, उमटेल ती गाडी. दुर्दैवाने प्रस्तुत नमुन्यात हातोडी आत गेली ती जागा त्या आकड्यांपासून चार बोटांवर आहे.

राहता राहिला हिशेब. तो दरवर्षी साधारणपणे दिवाळीच्या सुमारास, ऊस गाळपाला जाण्याच्या बेतात असताना, जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे मांडला जातो: एका बाजूला इंजिन, चासी, टायर, पासिंग आणि कर, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच पैशांत येणारी दुसऱ्याची चालती पिकअप. दोन्ही बेरजा शेजारी ठेवल्या की चालती पिकअप घ्यावी हे दरवर्षी स्पष्ट होते, आणि दरवर्षी ती पत्रिका घडी घालून 'उसाचं बिल आल्यावर बघू' या शब्दांसह फळीवरच्या डब्याखाली जाते. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत बिल द्यावे असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बिल आल्यावर किती दिवसांत गाडी बघावी, याविषयी तो आदेश काहीच सांगत नाही, आणि येणाऱ्या पैशाला तोवर सोसायटीचे कर्ज, मोटारीचे रिवाइंडिंग आणि मुलीची फी यांनी गाठलेले असते. डब्याखालच्या पत्रिका आता अकरा झाल्या आहेत, आणि प्रत्येकीतली इंजिन बांधण्याची रक्कम आधीच्या पत्रिकेपेक्षा मोठी आहे. अकरा वर्षे जो निर्णय घेतला जात नाही, तोही एक प्रकारे पाळलेला निर्णयच असतो; ज्यांना गाडी खरोखर विकायची होती त्यांनी हिशेब न मांडता विकली आहे.

यंदा मात्र काम सुरू झाले आहे. चासी अजून वेल्ड झालेली नाही, इंजिन बांधलेले नाही, कोंबडी उठेपर्यंत केबिनला हात लावायचा नाही असा घरातून आदेश आहे; परंतु फाळका बिजागरीतून काढून इंदापुरात रंगाऱ्याकडे पाठवण्यात आला आहे, कारण तेवढे एक काम हातासरशी होण्यासारखे होते. रंगाऱ्याने त्यावरचा गंज घासला, लांबी भरली, म्हणजे पत्र्यातले खड्डे लुकणाने बुजवले, पहिला हात मारला, आणि जुनी अक्षरे गिरवताना संध्याकाळी फोन करून विचारले की 'नाय' पुन्हा लिहायचे की जेवढे दिसते आहे तेवढेच ठेवायचे. मालकांनी 'उद्या सांगतो' असे म्हटले आहे.