पुडी ओतून हात झटकणारे

सिंक एका दिवसात कधीच तुंबत नाही. आधी पाणी जरा रेंगाळतं. मग बुडबुडे येतात, वास येतो. आणि पाहुणे यायच्या तासभर आधी ते हटूनच बसतं. महिनाभर सांगत होतं बिचारं. ऐकलं कुणी?

मग घरभर शोधाशोध सुरू होते. पान्याची नाही, प्लंबरच्या नंबरची.

अहो, आधी खाली वाकून तर बघा. बेसिनखाली बॉटल ट्रॅप असतो. त्याच्याखाली बादली ठेवा, तळाचं झाकण फिरवा. बहुतेक वेळा नुसत्या हातानेच सुटतं. आत भाताची शितं, चहाचा चोथा, नारळाच्या शेंडीचे धागे आणि या सगळ्यांना घट्ट धरून बसलेलं पांढरट, मेणासारखं ओशट. जुन्या ब्रशने खरवडा. वायसर जागेवर बसवा, झाकण आवळा, नळ सोडून गळती पाहा. झालं काम! यासाठी प्लंबर चार दिवस भेटत नाही म्हणून चिडचिड करत होता?

बरं, त्या ट्रॅपमध्ये साचलेलं पाणी म्हणजे बिघाड नव्हे. गटारातला वायू आणि झुरळं घरात येऊ नयेत म्हणून साधारण ५० मिलिमीटर पाणी तिथे मुद्दाम अडवलेलं असतं. ‘ट्रॅप काढा, सरळ पाइप टाका, पुन्हा तुंबणार नाही,’ असा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकलंत तर गटाराची हवा थेट तुमच्या फोडणीत.

न्हाणीघरात तर पानाही लागत नाही. नहाणी ट्रॅपची जाळी उचला, वाटी काढा, हात घाला. येतो तो केसांचा पुंजका आणि साबणाचा गाळ.

केस कुणाचे? आपलेच. डोक्यावर होते तोवर त्यांना तेल, शाम्पू, मेंदी, सगळे लाड. जाळीखाली गेले की शिवायचे नाहीत?

म्हणून मग ड्रेन क्लीनरची पुडी येते. कात्रीने कोपरा कापायचा, ओतायची, पाणी टाकायचं, दार लावून घ्यायचं. आत काय आहे हे पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. बहुतेकदा कॉस्टिक सोडा. पाणी लागताच तो भयंकर तापतो. कातडी भाजते. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

पुडीने भागलं नाही की संडासासाठी आणलेलं ॲसिड त्याच्यावर. सोडा आणि ॲसिड पाइपात भिडले की उसळी वर येते आणि वर तुमचं वाकलेलं तोंड असतं. ॲसिडला ब्लीच भेटलं तर क्लोरीन वायू. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, ईप्रच्या रणभूमीवर माणसं मारायला सोडला होता, तोच. चार बाय सहाच्या मोरीत, खिडकी बंद करून, हा प्रयोग कशाला?

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर? फेस छान येतो. ओशट जिथल्या तिथे राहतं.

उकळतं पाणीही नको. पीव्हीसीचे पाइप ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि रबरी पंप. एवढ्याने काम होतं. मात्र पुडी ओतून झाली असेल तर पंप मारू नका. पाइपातलं सगळं अंगावर उडेल.

आता खरा प्रश्न. पुडीनेही तुंबा निघाला नाही, आणि शेवटी प्लंबर आला. पाइपात सोडा भरून आहे हे त्याला सांगितलंत? बहुतेक घरांत सांगत नाहीत. तो उघड्या हाताने पाइप सोडवतो.

आपल्याला नको असलेला धोका आपण असा दुसऱ्याच्या हातावर ठेवतो.

‘वेळ नाही’ हे कारण खरं नाही. दहा मिनिटांचं काम आहे. खरं कारण किळस. आपल्या घाणीला हात लावणारी माणसं जन्मानेच ठरलेली आहेत, ही शिकवण आपल्या हाडीमाशी मुरली आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी अन्नत्याग केला. मागणी काय, तर मलसफाईचं काम मलाही करू द्या. जन्माने ब्राह्मण, म्हणून तुरुंगाचे नियम त्यांना ते करू देईनात. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास धरला. एका माणसाने ज्या कामाच्या हक्कासाठी पोट उपाशी ठेवलं, त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकं आपल्या मोरीत करायला आपण कां कूं करतो.

पण ट्रॅपपाशी थांबायचं. सोसायटीचं खोल चेंबर, सेप्टिक टँक, तिथे आपणही उतरायचं नाही आणि कुणाला उतरवायचंही नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो, दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. तोही कोसळतो.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांविना माणूस उतरवायला बंदी आहे. ही बंदी महापालिकेपुरती नाही. कुणाही व्यक्तीला लागू आहे. म्हणजे तुम्हा-आम्हा फ्लॅटवाल्यांनाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रक्कम वाढली. मरणं थांबली का?

आणि ते चेंबर तुंबवतं कोण? तळणीचं तेल सिंकमध्ये ओतणारे, कढई न पुसता घासणारे. कागदाने कढई पुसा, खरकटं जाळीत अडवा. वरच्या मजल्यावरचं ओशट खाली कुणाच्या तरी गळ्याशी येतं.

पावसाळ्याआधी सोसायटीत चेंबर उपसायला माणूस येईल. सोबत यंत्र आहे का, विचारा. नसेल तर झाकण उघडू देऊ नका. सेक्रेटरी म्हणतील, ‘दरवर्षी हाच तर उतरतो, काही होत नाही.’

दरवर्षी वाचला, एवढाच त्याचा अर्थ.