धैवताच्या वाटणीचं गाणं

१९६६ साली स्कॉट वॉकर ब्रिटनमधल्या पोरींच्या गळ्यातला ताईत होता. त्याच्या ‘वॉकर ब्रदर्स’ या त्रिकुटाचं गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. त्याच माणसाने २००६मध्ये ‘द ड्रिफ्ट’ नावाचा अल्बम काढला. त्यात आंघोळ करताना गुणगुणता येईल अशी एक ओळ सापडेल तर शपथ!

त्यातलं ‘क्लारा’ चांगलं बारा-तेरा मिनिटं चालतं. मुसोलिनी आणि त्याची प्रेयसी क्लारेट्टा पेटाची यांना एप्रिल १९४५मध्ये गोळ्या घातल्या आणि प्रेतं मिलानच्या चौकात उलटी टांगली, त्याबद्दलचं हे गाणं. तालवाद्य काय, तर डुकराचं मांस. वादक त्यावर खरोखरच्या बुक्क्या मारतो. अंबाडी गावातल्या घरी मी ते लावलं, तेव्हा आईने आतून विचारलं, “कणीक कोण तिंबतंय रे?” मी खरं काय ते सांगितलं. क्षणभर थांबून ती म्हणाली, “धुऊन तरी घेतलंय का ते?”

पुढे एका गाण्यात गाढव रेकतं. आणखी पुढे चक्क डोनाल्ड डकसारखा आवाज अंगावर येतो. हसावं की दाराला कडी घालावी, कळत नाही.

अशा भीतीलाही आपल्याकडे जागा आहे. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत भयानक आणि बीभत्सही आहेत. दोघांसाठी त्याने स्वरसुद्धा नेमून दिला, धैवत. आपण मात्र मैफलीत शृंगार, करुण आणि भक्तीवरच भागवलं. धैवत बिचारा भैरव रागात वादी, म्हणजे मुख्य स्वर, झाला आणि पहाटे देवळात जाऊन बसला. वॉकरने त्याची थकबाकी चुकती केली, असं मला वाटतं. मिलानच्या त्या चौकाबद्दल गोड चालीत गाणं हा खोटेपणाच झाला असता.

आणि अवघड संगीत आपल्या ठाणे-पालघरकडे नवीन थोडंच आहे? वाळक्या भोपळ्याचा तारपा रात्र रात्र घुमतो, वाजवणारा दम तुटू देत नाही. नाचाच्या फेरात कुणी अर्थ विचारत नाही, पाय टाकत राहतात. ‘द ड्रिफ्ट’ही असाच ऐकावा, पूर्ण, मध्ये न उठता.

फक्त गाडीत लावू नये. भिवंडी-वाडा रस्त्यावर खाडकन आवाज आला की तो वॉकरचा की चाकाचा, हे उतरून बघावं लागतं. एकदा नाक्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, कान लावला, मग आत वाकून गाणं बंद केलं. “गाडीला काही झालेलं नाही, दादा,” तो म्हणाला.