नायकाचे नाक

रोल-प्लेइंग गेममधला नायक एक तर खेळाडूला स्वतः घडवावा लागतो, नाहीतर तो आयता पदरात पडतो. घडवण्याची रीत जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (1974) या कागद-पेन्सिलीच्या खेळात तीन-तीन फासे टाकून ताकद, बुद्धी वगैरे सहा गुण ठरत. पडलेले दान निमूटपणे स्वीकारण्याचा बाणेदारपणा संगणकाने संपवला. ‘बॉल्डर्स गेट’मध्ये (1998) फासे पुन्हा टाकायचे बटण होते, मनाजोगे आकडे येईपर्यंत ते दाबत बसणे हाच अनेकांचा पहिला पराक्रम.

‘स्कायरिम’मध्ये (2011) हात बांधलेला कैदी मृत्युदंडाच्या रांगेत उभा असतो. यादी धरलेला शिपाई ‘तू कोण?’ विचारतो आणि खेळाडू नाकाची रुंदी ठरवायला घेतो. मग भुवया, गालफडे, डोळ्याखालचा व्रण. जल्लाद बिचारा ताटकळतो. एवढे करून बहुतेक जण पुढचा प्रवास नायकाच्या डोळ्यांतून बघतात, म्हणजे नाक दिसतच नाही. दिसलेच तर वर शिरस्त्राण असते. नावाचीही तीच गत. संवाद आधीच ध्वनिमुद्रित, त्यामुळे सारे ‘ड्रॅगनबॉर्न’ म्हणून वेळ मारून नेतात. ‘फॉलआऊट 4’मधल्या (2015) कॉड्सवर्थ या यंत्रमानवाला शेकडो नावे पढवून ठेवली होती, पण यादीबाहेरच्यांना तोही नुसते ‘सर’ वगैरे म्हणतो.

आयत्या नायकाचे घराणे वेगळे. ‘द विचर 3’मधला (2015) गेराल्ट पोलिश लेखक आंजेय सापकोव्स्की यांच्या पुस्तकांतून आला. पांढरे केस, जुन्या प्रेयसी, पोटच्या पोरीसारखी सिरी, सगळे ठरलेले. असा नायक म्हणजे भाड्याचे घर. राहा, पण भिंतीत खिळा ठोकू नका. दाढी मात्र आपसूक वाढते आणि न्हाव्याकडे कधी जायचे, हे खेळाडूवर सोडलेले आहे. येनेफर आणि ट्रिस या दोन्ही प्रेयसींना शब्द देऊन बसलेल्या गेराल्टला त्या संगनमताने पलंगाला बेड्यांनी जखडून निघून जातात. हाताने घडवलेल्या नायकाच्या वाट्याला अशी फजिती सहसा येत नाही, कारण कोणी एवढे चिडावे अशी त्याची जुनी ओळखच नसते. आयत्या नायकाचे पारडे जड होते ते इथे.

मधला मार्ग म्हणजे स्मृतिभ्रंश. ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ (1999) आणि ‘डिस्को एलिझियम’ (2019) यांच्या नायकांना भूतकाळ आहे, पण आठवत नाही. ‘मास इफेक्ट’ने (2007) शेपर्ड हे आडनाव पक्के करून पहिले नाव खेळाडूवर सोडले. ते कोणी उच्चारत नाही.

‘बॉल्डर्स गेट 3’ने (ऑगस्ट 2023) दोन्ही ताटे वाढली. ज्याचे ठरत नसेल त्याने नायक स्वतः घडवावा. अस्टेरियन नावाचा व्हॅम्पायर, शॅडोहार्ट ही तयार मंडळी आपापली गाऱ्हाणी घेऊन सोबत येतातच. चेहरा नंतर आवडेनासा झाला, तर त्याचीही सोय आहे. सप्टेंबर 2023च्या अपडेटने छावणीत जादूचा आरसा आला आणि नाक मधूनच बदलता येऊ लागले. अस्टेरियनला मात्र त्या आरशाचा उपयोग नाही.